लेखातली बायको

"अकरा," मुद्रितशोधक म्हणाला. "कमीत कमी अकरा चुका असायच्या. पाच महिने झाले, एकही नाही."

संपादक दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. हातातला चहा निवत चालला होता. "मग चांगलंच झालं की. सही करा आणि पान खाली छापायला सोडा."

"पान सोडतो. पण हा मजकूर टोचणीकरांचा नाही."

"संगणकावर लिहितात हल्ली. तो सुधारत असेल."

"संगणकाला आपलं शुद्धलेखन कुठे येतं, साहेब? तो होतं ते बिघडवतो."

संपादक हसले आणि निघून गेले. मुद्रितशोधक मात्र त्या पानाकडे, पाहुण्याने काहीतरी लंपास केल्याचा संशय यावा तसा, बराच वेळ बघत बसला.

ऑफिसात त्याला मागून सगळे 'अनुस्वार' म्हणत. दिसायला एवढासा, पण सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला. साप्ताहिकाच्या मागच्या खोलीत, कागदाच्या गठ्ठ्यांना पाठ लावून तो सव्वीस वर्षं बसला होता. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचायचं आणि त्यात खोट काढायची, हे त्याचं पोटापाण्याचं काम. पण काम अंगात मुरतं. दुकानाच्या पाटीपासून लग्नाच्या पत्रिकेपर्यंत तो काहीही सरळ मनाने वाचू शकत नसे. कुणी गोड बोललं की ह्याच्या मनात प्रश्नचिन्ह उभं राहिलंच म्हणून समजावं.

आणि सव्वीस वर्षं त्याने दर गुरुवारी न चुकता तपासलेलं सदर म्हणजे 'टोचणी'. लिहिणारे टोचणीकर. त्यांचं खरं नाव ऑफिसात तिघांनाच ठाऊक. त्यांनी कुणाला सोडलं नव्हतं. उद्घाटनाची कात्री खिशातच घेऊन फिरणारे पुढारी, आजार न विचारता औषध लिहिणारे डॉक्टर, शोकसभेत स्वतःचंच कौतुक करून खाली बसणारे वक्ते. लोक चौथं पान आधी उघडत. शिवाय दर दुसऱ्या लेखात असायची ती त्यांची बायको. विसरभोळी, वटवटी, चष्मा साखरेच्या डब्यात ठेवून घरभर शोधणारी. ती आली की वाचक खूश.

टोचणीकरांच्या चुका मुद्रितशोधकाला तोंडपाठ होत्या. 'आणि' ते हट्टाने दीर्घ लिहीत. एकदा फोनवर म्हणाले होते, "पाणी दीर्घ, वाणी दीर्घ, मग बिचाऱ्या 'आणि'नेच काय घोडं मारलंय?" त्याने सव्वीस वर्षं तो 'णि' ऱ्हस्व केला आणि त्यांनी सव्वीस वर्षं तो दीर्घ पाठवला. दोघं आयुष्यात चार वेळा भेटले असतील, पण त्याला ते भावासारखे वाटत.

गेल्या पाच महिन्यांत हाताने लिहिलेला मजकूर येणं बंद झालं होतं. हात थरथरतो, अशी चिठ्ठी आली होती. तीही छापीलच.

त्या संध्याकाळी तो पाच महिन्यांचे अंक घरी घेऊन गेला. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"काय शोधताय एवढं?"

"ह्यात कुणीतरी दुसराच माणूस घुसलाय."

"टोचणीत?" ती जवळ येऊन वाकली. "चांगलं लिहितात हल्ली. पूर्वी मला राग यायचा त्यांचा."

त्याने मान वर केली. "राग? तू तर हसायचीस."

"तुम्ही वाचून दाखवायचात म्हणून हसायचे. सारखी बिचारीची टिंगल." तिने टॉवेलाची घडी छातीशी धरली. "पण एक सांगा, ती गेली कुठे?"

"कोण?"

"त्यांची बायको. किती दिवसांत आली नाही लेखात."

त्याने सगळे अंक पुन्हा चाळले. खरंच की. पाच महिन्यांत ती एकदाही आली नव्हती.  काय झालं असेल बाईचं? गेली? की घालवली? बातमी कुठे आली नव्हती. आणि घरात कुणीतरी परका बसून त्यांच्या नावाने लिहीत होता. एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या घरात लोक काय काय करतात, हे त्याने दुसऱ्या पानावरच्या गुन्ह्यांच्या बातम्यांत पुष्कळदा तपासलं होतं. आणि आपली बायको सव्वीस वर्षं उगाच हसत होती, हेही त्याला त्याच संध्याकाळी कळलं. ते त्याने तूर्त बाजूला ठेवलं.

पुढच्या गुरुवारी आलेला लेख रुग्णालयावर होता. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या अध्यक्षांनी प्रत्येक खाटेवर, दारावर, पडद्यावर आपलं नाव रंगवून घेतलं होतं. 'रोग्याचं नाव मात्र पायाशी, चिकटपट्टीवर,' असं लिहिलं होतं. 'बेडपॅन हाती आलं तेव्हा त्यावरही दात्याचं नाव दिसलं आणि मला प्रथमच वाटलं की नाव योग्य जागी पडलं.' मुद्रितशोधक एकटाच खोलीत मोठ्याने हसला. आणि पुढच्याच ओळीवर थबकला.

'नावं मोजत मी खिडकीपाशी उभी होते.'

त्याने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. एखादी मात्रा चुकली तर बोट घसरलं म्हणता येतं. पण 'उभी' आणि 'होते', दोन्ही शब्द एकाच दिशेला चुकतात तेव्हा बोट नव्हे, माणूसच त्या दिशेचा असतो. म्हणजे लिहिणारी बाई होती. कोण? सून? पण त्यांना मूलबाळ नव्हतं. भाची? ठेवलेली नर्स? त्याने 'उभा होतो' असं केलं, मूळ कागद घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला आणि कुणालाच काही बोलला नाही.

अंक निघाला आणि चौथ्या दिवशी वकिलाचं पत्र येऊन धडकलं. अध्यक्षांची बदनामी झाली आहे. टोचणीकर म्हणजे कोण, हे आठ दिवसांत लेखकाच्या सहीनिशी कळवावं. संपादकांनी ते दोनदा वाचलं आणि टेबलावर पालथं ठेवलं.

"तुम्ही जा," ते मुद्रितशोधकाला म्हणाले. "त्यांचं अक्षर ओळखणारे तुम्ही एकटेच. तुमच्यासमोर सही घ्या. फक्त एवढं आणा की लेख त्यांचा आहे. पुढचं मी बघतो."

"आणि त्यांचा नसला तर?"

संपादकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग दार लोटून घेतलं. "तुम्हाला काय माहीत आहे?"

"काही नाही," तो म्हणाला.

तिसऱ्या मजल्यावरचं घर. बेल वाजवल्यावर आत काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला आणि मग दार जेमतेम हातभर उघडलं. पांढऱ्या केसांची, ताठ पाठीची बाई. ओळखायला त्याला क्षणभर लागला, कारण मनातल्या मनात तो तिला कधीचाच मारून बसला होता.

"वहिनी, तुम्ही!"

"मग कोण असणार?" ती म्हणाली. दार तेवढंच उघडं. "ते झोपलेत."

"एक सही हवी होती. माझ्यासमोर."

"कागद द्या, मी घेऊन येते."

"समोरच हवी, वहिनी."

"झोपलेल्या माणसाला उठवू का?"

तेवढ्यात आतून टकटक ऐकू आली. लाकडावर लाकूड. एकदा, दोनदा, मग घाईघाईने. बाईने डोळे मिटले, उघडले आणि दारातून बाजूला झाली.

आतल्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत टोचणीकर बसले होते. उजवा हात मांडीवर, कुणीतरी आणून ठेवावा तसा. तोंडाची एक बाजू खाली ओघळलेली. डाव्या हातात काठी होती, ती त्यांनी खुर्चीच्या पायावर आपटली होती. त्यांनी मुद्रितशोधकाकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि पुन्हा त्याच्याकडे. ती नजर त्याला ओळखीची वाटली. खोट शोधणाऱ्याची.

"पाच महिने झाले," ती बाहेरच्या खोलीत येऊन हळू म्हणाली. "शब्द गेले. ऐकतात सगळं, कळतंही. बोलता येत नाही, लिहिता येत नाही. तीन आठवडे त्या खाटेशी काढले मी. सगळी नावं पाठ झाली."

"म्हणजे ते लेख…"

"मीच." तिने पदराने टेबलावरची नसलेली धूळ पुसली. टेबलावर संगणक होता, आणि त्याच्यावर घाईने टाकलेली चादर. "पहिला लिहिला तो पत्रांसाठी. वाचकांची पत्रं वाचून दाखवली की त्यांचा चेहरा जरा जागा व्हायचा. सदर बंद, म्हणजे पत्रं बंद. म्हणून लिहिला. दुसराही म्हणूनच. नंतर मला आवडायला लागलं. खोटं कशाला बोलू?"

"त्यांना माहीत आहे?"

"माझे लेख वाचून दाखवताना, त्यांचंच जुनं आहे, असं सांगते. संशय आहे त्यांना. मध्येच काठी आपटतात."

मुद्रितशोधक उभाच होता. रागावावं की काय करावं, त्याला कळेना. "वहिनी, ही वाचकांची फसवणूक आहे. त्यांच्या नावाखाली दुसऱ्यानेच लिहायचं…"

"आणि माझ्या नावाखाली?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "चष्मा साखरेच्या डब्यात मी कधी ठेवला नाही. मला चष्माच नव्हता तेव्हा. बँकेतल्या माणसाला, हे सगळं कोण लिहितं, ते ह्यांनीच सांगून टाकलं होतं. तो काउंटरवरून विचारायचा, 'काय बाई, आज पासबुक फ्रिजमध्ये नाही ना ठेवलं?' मी हसायचे. तुम्ही यायच्या आधीपासून, चाळीस वर्षं हसले. ती कुणाची फसवणूक, ते तपासलंत कधी?"

त्याने तपासलं नव्हतं. फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासलं होतं.

तिने भिंतीकडे बोट केलं. जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकं होती. "हजार वर्षांचे टवाळ लोक आहेत ते. दरबारातले विदूषक, मठातून पळालेले कवी, तुरुंगात बसून लिहिणारे. संध्याकाळी ह्यांना वाचून दाखवता दाखवता सगळे वाचून झाले माझे. काय एकेकाची हिंमत! राजाला सोडलं नाही, धर्मगुरूला सोडलं नाही. वाचताना ऊर भरून यायचा. आणि मग चार पानं उलटली की आलीच. बायको. भांडकुदळ, खर्चिक, बिनडोक. राजाची टर उडवताना मान जायची भीती. आमची उडवताना कसली भीती?" ती थांबली. "म्हणून मी तिला रजा दिली. बाकी सगळं त्यांच्यासारखंच ठेवलं."

"चुका सोडून," तो पुटपुटला.

"चुका मला जमल्या नाहीत."

 मग त्याने पिशवीतून सहीचा कागद काढला. आयुष्यात पहिल्यांदाच तो एक चूक मुद्दाम करायला निघाला होता. "त्यांची सही तुम्हीच करा. अक्षर त्यांचंच आहे, असं मी सांगेन. मला कुणी विचारणार नाही."

तिने कागद वाचला. सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत. मग पेन उचललं आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं. पूर्ण.

"वहिनी, अहो…"

"टोचायचं मी आणि हात ह्यांचा दाखवायचा? त्या खाटेशी मी उभी होते. आता काय खटला भरायचा तो भरू देत."

मुद्रितशोधकाने तो कागद संपादकांच्या टेबलावर ठेवला. संपादकांनी नाव वाचलं, खुर्चीत मागे रेलले आणि अध्यक्षांच्या वकिलाला फोन लावला. दोन दिवसांनी उत्तर आलं. खटला वगैरे काही नव्हता. घरात बसलेल्या बाईमाणसाच्या लिखाणाची दखल काय घ्यायची, असं अध्यक्ष हसत हसत म्हणाले म्हणे. बदनामी पुरुषाने केली असती तरच झाली असती.

"सुटलो," संपादक म्हणाले. आणि पुढच्या अंकात चौकट टाकली: 'लेखकाच्या प्रकृतीच्या कारणाने हे सदर थांबवण्यात येत आहे.'

"लेखकाची प्रकृती ठणठणीत आहे," मुद्रितशोधक म्हणाला.

"शुद्धलेखनात काही चूक आहे का त्या वाक्यात?"

नव्हती. त्याने सही केली. घरी गेल्यावर बायकोने चौकट वाचली, अंक मिटला आणि आत निघून गेली. त्या दिवसापासून तिने ते साप्ताहिक पुन्हा उघडलं नाही.

वाचकांची पत्रं मात्र येत राहिली. टोचणीकरांना बरं वाटो, टोचणीकर परत या. मुद्रितशोधक दर शनिवारी ती पिशवीत भरून तिसरा मजला चढायचा. वहिनी पत्रं फोडायची, नवऱ्याला वाचून दाखवायची. ते ऐकायचे. एकदा रुग्णालयातल्या एका नर्सचं पत्र आलं. बेडपॅनवरची नावं घासून काढलीत, असं तिने लिहिलं होतं. वहिनीने ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना म्हाताऱ्याने काठी आपटली नाही. डावा हात पुढे केला आणि ते पत्र मागून घेतलं. पत्राकडे बघितलं, मग तिच्याकडे, बराच वेळ. पुन्हा तिच्याकडे त्या खोट शोधणाऱ्या नजरेने पाहताना ते मुद्रितशोधकाला दिसले नाहीत.

मग पत्रं आटली. बारा, पाच, दोन. पावसाळा सरता सरता एका शनिवारी ऑफिसात एकही पत्र नव्हतं. न जाण्याची सबब त्याने जिन्यापर्यंत शोधली, ती सापडली नाही, आणि तो गेला.

बेल वाजली. दार पूर्ण उघडलं. वहिनीची नजर आधी त्याच्या हातांकडे गेली, रिकाम्या हातांवर क्षणभर थांबली, मग वर आली.

"या," ती म्हणाली. "चहा टाकतेच होते." आणि खुर्चीवरची ताज्या लिहिलेल्या कागदांची चळत उचलून तिने त्याला बसायला जागा करून दिली.