पहिल्या अर्ध्या तासाचा माल

माझी वहिनी दुकानात शिरली की दुकानदार खुर्ची ओढून बसतो. आता पाऊण तास तरी ही बाई हलत नाही, हे त्याला पाठ झालंय. ती एकेक पुडा उचलते, उलटा करते, उजेडात धरते आणि मागची मुंगीएवढी अक्षरं वाचत राहते. चॉकलेट, वेफर, जेली, केक, गोळ्या, सगळं. बहुतेक पुड्यांवर शेवटी एक ओळ ठरलेली असते, की यात शेंगदाण्याचा अंश असू शकतो. ती दिसली की पुडा परत फळीवर. एकदा मी तिच्यासोबत गेले होते. तिनं बावीस पुडे वाचले आणि आम्ही फक्त मीठ घेऊन घरी आलो. रस्ताभर मी धुसफुसत होते.

हा सगळा खटाटोप टिकलीसाठी. टिकली म्हणजे माझ्या दादाची मुलगी, वय वर्षं सात. दाण्याचा कण जरी पोटात गेला तरी तिचे ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात. चार वर्षांची असताना कुणाच्या तरी वाढदिवसाला तिनं केकचा एकच घास खाल्ला आणि तिला श्वास घेता येईना. दादा तिला उचलून दवाखान्यापर्यंत अनवाणी पळाला होता. तेव्हापासून वहिनीनं एक वही केली. कुठल्या दुकानातली कुठली गोष्ट चालते, कुठली नाही, कधी काय खाल्लं, मग काय झालं, सगळं त्यात तारखेनिशी. न चालणाऱ्या गोष्टींची पानं भरत गेली आणि चालणाऱ्यांचं एक पानही धड भरेना.

त्या एका पानावर सगळ्यात वर नाव होतं आमच्या बिस्किटाचं. आमच्या म्हणजे मी जिथं अठरा वर्षं काम करते त्या कारखान्याचं. मधे पांढरं क्रीम असलेलं साधं बिस्किट, पण पुड्यावर ती ओळ नाही. दुकानातून आणलेला पहिला पुडा टिकलीनं खाल्ला आणि काही झालं नाही, तेव्हा माझी मान अशी ताठ झाली की जणू ते बिस्किट मीच भाजलं होतं. खरं तर मी पॅकिंगला. भट्टीकडे मी वर्षातून दोनदा फिरकत असेन.

तेव्हापासून दर शनिवारी पहिली शिफ्ट सुटली की मी चार पुडे घेऊन दादाकडे जायची. आमच्या कारखान्यात एक जुनी रीत आहे. लाइनवर एक बिस्किट संपवून दुसरं सुरू केलं, की पहिल्या अर्ध्या तासाचा माल बाजारात जात नाही. कागद तोच, पुडा तोच, फक्त खोक्यावर खडूनं फुली मारतात. तो माल आम्हा कामगारांना निम्म्या किमतीत मिळतो. भट्टी नीट तापेपर्यंत रंग जरा फिका येतो, म्हणून हा माल आपल्याला, असंच आम्ही सगळ्याजणी समजत आलो. चवीत काही फरक नाही. टिकलीला तर दुकानातल्या पुड्यापेक्षा आत्याचा पुडा जास्त आवडायचा, आणि मी ते सगळीकडे सांगत सुटायची.

दोन महिन्यांपूर्वी शेंगदाण्याची बिस्किटं दुसऱ्या शेडमधून आमच्या लाइनवर आली. शुक्रवारी दाण्याची, शनिवारी सकाळी लाइन साफ करून साधी. मी काही बेफिकीर बाई नाही. त्या दिवसापासून मी शिफ्ट सुटल्यावर कपडे बदलायला लागले, कोपरापर्यंत हात धुवायला लागले, केसांना रुमाल बांधायला लागले. एवढं सगळं करून मी पिशवी उचलायची आणि दादाकडे जायची.

त्याच सुमाराला टिकलीला पुन्हा त्रास सुरू झाला. कधी ओठ, कधी पाठभर गांधी, आणि एका रविवारी पहाटे घशातून शिट्टीसारखा आवाज. वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं साबण बदलला, चादरी उकळल्या, शेजारच्या मांजराला दार बंद केलं, टिकलीचं पोहणं थांबवलं. बिस्किटावर संशय घ्यायचं काही कारणच नव्हतं, कारण माझे पुडे संपल्यावर दुकानातून आणलेलं तेच बिस्किट ती आठवडाभर खात होती आणि ठणठणीत होती. मी मात्र वहिनीला चिडवायची. आता हवासुद्धा उकळून घे, असंही एकदा म्हणाले. ती हसली नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, कारण सापडत नाही, तर सोमवारपासून दूध आणि गहू दोन्ही बंद करून बघू. त्यानंतरच्या आठवड्यात टिकलीचा वाढदिवस होता. आयुष्यात पहिल्यांदा ती वर्गात स्वतःच्या हातानं हेच बिस्किट वाटणार होती आणि सगळ्यांसोबत तेच खाणार होती. दूध-गहू बंद म्हणजे तेही गेलं.

शनिवारी मी पोचले तेव्हा वहिनी टेबलाशी बसली होती आणि समोर एक पत्र होतं. सोमवारच्या आधी बिस्किटाची एवढी एक गोष्ट पक्की करायची म्हणून तिनं मला न सांगता आमच्या कारखान्याला लिहिलं होतं, आणि उत्तर आलं होतं. तिचा चेहरा कित्येक दिवसांनी मोकळा दिसत होता. तिनं मला ते मोठ्यानं वाचून दाखवलं. दाण्याची बिस्किटं त्याच लाइनवर होतात हे खरं, पण नंतर लाइन साफ केली जाते, आणि कुठं काही कण राहिलेच तर ते निघून जावेत म्हणून पुढच्या अर्ध्या तासाचा माल विक्रीला पाठवत नाहीत. म्हणून दुकानातला पुडा निर्धास्त द्यावा.

"बघा ताई, किती काळजी घेतात तुमच्याकडे," वहिनी म्हणाली. "बिस्किटाचा दोष नाही म्हणजे नाही. आता दूधच बंद करून बघायचं."

चार पुड्यांची माझी पिशवी खांद्यावरच होती.

खोटं कशाला सांगू, गप्प बसायचा विचार माझ्या मनात आला. कुणाला काय कळणार होतं? पुढच्या शनिवारपासून दुकानातून पुडे आणायचे, आणि पोरगी बरी झाली की सगळे म्हणणार, दूधच बाधत होतं. माझा मान जागच्या जागी राहिला असता. पण मग टिकलीनं जन्मभर दुधाचा पेलाही उगीचच दूर सारला असता, केवळ तिच्या आत्याला लाज वाटली म्हणून. मला स्वतःचीच किळस आली.

"वहिनी, तो अर्ध्या तासाचा माल कुठं जातो, मला माहीत आहे."

"कुठं?"

मी चारही पुडे काढून टेबलावर ठेवले. "इथं येतो."

तिला पटकन समजलं नाही. सवयीनं तिनं एक पुडा उलटा करून वाचायला घेतला. यावर तर काही लिहिलेलं नाही, असं ती पुटपुटली. मी तिला खडूची फुली सांगितली, निम्मी किंमत सांगितली, फिका रंग सांगितला. मग तिनं वही उघडली आणि बोट लावून तारखा बघत गेली. आठ शनिवार, त्यातल्या सहांपुढे त्रासाची नोंद. दोनदा मी आजारी होते म्हणून गेले नव्हते. त्या दोन आठवड्यांच्या समोर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"म्हणजे दूध बंद नाही करायचं," ती म्हणाली, आणि रडायला लागली. मीही रडले असते, पण तो हक्क आपला नाही असं मला वाटलं. थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं.

"दोन महिने मी चादरी उकळतेय, ताई. आणि तुम्ही मला हसत होतात."

"हो," मी म्हणाले.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त एवढंच विचारलं, की बाकीच्या बायकासुद्धा हेच पुडे घरी नेतात का, त्यांच्याही घरी मुलं असतील. माझ्या ते डोक्यातही आलं नव्हतं. सोमवारी शिफ्टच्या आधी सुपरवायझरला गाठून हे सांगते आणि पत्रही दाखवते, असं मी म्हणाले. तिनं पत्राची घडी घालून ते माझ्या हातात दिलं.

तेवढ्यात टिकली खेळून आली, घामानं डबडबलेली. टेबलावर पुडे बघून तिनं सरळ हात घातला. वहिनी ताडकन उठली, पण मी आधीच पुड्यावर तळवा ठेवला होता.

"टिकली, कुणी काही खायला दिलं की तू काय विचारतेस?"

"यात काय आहे," ती घडाघडा म्हणाली. शाळेत, शेजारी, दुकानात, अगदी स्वतःच्या बापालाही ती हे विचारते.

"मग मला विचार."

तिला गंमत वाटली. "पण तू तर आत्या आहेस."

"तरी विचार."

तिनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आत्या, यात काय आहे?"

अठरा वर्षं मी तो कागद हाताळतेय. त्यावरचा मजकूर मला झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल.

"मला नक्की माहीत नाही," मी म्हणाले.

"मग नको," टिकली म्हणाली, अगदी दुसऱ्या कुणालाही म्हणते तशी, आणि पाणी प्यायला आत गेली.