दिवसा रोटर, रात्री साखळी

चार वाजून दहा मिनिटं. रोटर मन्मथअप्पांच्या मुठीत होता आणि लिंबाखाली जीप नव्हती.

अंगठ्याच्या पेराएवढा काळा रोटर, डोक्यावर पितळेची पट्टी, पट्टीच्या टोकाला ठिणग्यांनी खाऊन खाऊन पाडलेला पांढुरका खड्डा. त्यांनी मूठ उघडून तो पाहिला, मग जमिनीवरचा तेलाचा डाग पाहिला, मग पुन्हा रोटर. डाग ओला होता. मार्चातली लिंबाची पिवळी पानं चहूकडे पडली होती आणि जीपच्या पोटाखालची जागा तेवढी स्वच्छ होती, जनावर उठून गेल्यावर राहते तशी. ही जीप मिलिटरीच्या लिलावातली. तिला किल्ली नाही, खटका दाबला की सुरू. म्हणून बॉनेट उघडायचं, आतल्या डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणाच्या दोन चिमट्या सोडायच्या आणि हा रोटर उपटून खिशात टाकायचा. मग कुणी कितीही खटका दाबो, इंजिन घरघरेल, पेटणार नाही. प्लगांपर्यंत वीजच जाणार नाही. दिवसा रोटर, रात्री साखळी. आठ वर्षं यात खंड नाही. म्हणजे जीप जाऊच शकत नव्हती... आणि गेली होती, आणि ते दुपारी एकपासून मठात, इथून दहा मिनिटांवर, लग्नाच्या बैठकीत सुपारी कातरत बसले होते, सदऱ्याच्या आतल्या खिशावर अधूनमधून तळवा टेकवून—आहे ना? आहे.

उमादेवी दारात उभी होती. हातात पाण्याचा तांब्या.

"ऐकता का," ती म्हणाली.

"आता नको."

"गाडीचंच सांगायलेय—"

"आता नको म्हनलं ना."

त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही. तिच्या चोळीची एक बाही कोपरापर्यंत ओली होती, आत्ताच काहीतरी घासून धुतल्यासारखी, हे त्यांना नंतर आठवलं. त्या घडीला ते चपला सरकवून पालमच्या पोलीस चौकीच्या रस्त्याला लागलेही होते.

सिताराम. नाव तोंडात आलं ते आधीपासून तयार होऊन बसल्यासारखं. जीपचा ड्रायव्हर, आज मात्र त्याला शेतातल्या आखाड्यावर, ज्वारीच्या मळणीवर लावलं होतं. तिथून चालत यायला अर्धा तास. आला असणार. गाडी थांबली की सिताराम स्वतःच बॉनेट उघडतो, रोटर काढतो, धोतराला पुसतो आणि मालकाच्या तळहातावर ठेवतो. वरून टाकत नाही, ठेवतो. ठेवताना डोळ्यांत बघत नाही, पण तोंडही फिरवत नाही. त्याची नजर कुठंतरी खांद्याशी येऊन थांबते, अर्धं पळ, आणि ते अर्धं पळ अप्पांना वर्षातून तीनशे वेळा सोसावं लागतं. पेट्रोल चोरत नाही, उशिरा येत नाही, पगार वाढवून मागत नाही. असल्या माणसाला काढावं तरी काय म्हणून? आणि ठेवावं तरी किती दिवस... आज त्यानं स्वतःच सोडवलं. चोर निघाला. चौकीच्या पायऱ्या चढताना अप्पांच्या लक्षात आलं की आपला श्वास लागलेला नाही, उलट छातीत बरंच मोकळं वाटतं आहे. आणि या वयात, या उन्हात, जीप गेलेली असताना तसं वाटू नये.

जमादार नवीन होता, आठवड्यापूर्वी बदलून आलेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, रोटर हातात घेऊन उलटासुलटा केला आणि परत दिला.

"हे तुमच्यापाशी. मग गाडी काय उडत गेली, अप्पा?"

"जुना रोटर हाय एक. झिजलेला, पन चालतो. घरात, कपाटात. कुलपात."

"मग घरच्याला इचारलं का?"

"घरचे कशाला चोरतील माझी गाडी?"

"तसं न्हाई. इचारायचं आसतंय आपलं." जमादारानं कागद ओढला. "लय जपता गाडीला. कधीपसून काढायलाय हे?"

"सेलूत जिनिंगवाल्याची जीप भरबाजारातून गेली. तवापसून."

"बरं. शक कुनावर?"

"सिताराम. माझा डायवर."

"शक हाय का खात्री हाय? दोन येगळ्या गोष्टी हायेत. खात्री लिव्हली की मी परभनीला वायरलेस करतो अन् मानूस धरला जातो."

अप्पांचा तळवा खिशावर गेला. वर गळ्यात लिंगाची चांदीची डबी, तिच्याखाली चार बोटांवर रोटर.

"खात्री," ते म्हणाले. सही केली. चार वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

परतताना ते सरळ घरी गेले नाहीत. एस्टी स्टँडच्या बाजूनं वळले, कारण घरी गेलं की तेलाचा डाग बघावा लागेल. सेलूची जीप गेली ती एक्याऐंशी साली. हा हिशेब कुठून वर आला कोण जाणे. सेलूची जीप एक्याऐंशीत गेली आणि रोटर अठ्ठ्याहत्तरपासून खिशात आहे. या तीन वर्षांचा फरक आजवर कुणी धरला नव्हता. सेलूची ती गोष्ट त्यांनी लग्नात सांगितली होती, बाजारात, पाहुण्यांत, इतक्यांदा की ती खरीच झाली होती, आणि दरवेळी सिताराम कुठंतरी मागे, गाडीला टेकून, ऐकत उभा असायचा.

अठ्ठ्याहत्तर. विद्यापीठाच्या नामांतराचं जाहीर झालं त्याच्या पुढच्या आठवड्यातली सकाळ. वस्तीत आग लागली होती... लावली होती. कुणी लावली ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि पोलिसांच्या कागदावर कुणालाच ठाऊक नव्हतं. वस्तीतला सटवाजी आला तो अंगणाबाहेर थांबला. त्याची बायको, बायनाबाई, ओल्या वाकळेत गुंडाळून बाजेवर आणलेली. वाकळेतून वाफ निघत होती की धूर, ते कळत नव्हतं. "अप्पा, गंगाखेडपतोर गाडी द्या." त्याच्या दहा मिनिटं आधी मी रोटर काढला होता. जमाव गाडी ओढून नेईल म्हणून. जमावासाठीच काढला होता, हे खरं आहे, हे कुणाच्याही तोंडावर सांगेन... पण सटवाजी आला तेव्हा जमाव पांगला होता. उरली होती ती नुसती गावाची नजर: कुणाची गाडी कुणाला घेऊन गेली.

"गाडी बंद पडलीय," अप्पा म्हणाले होते. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण सटवाजी हलेना, म्हणून त्यांनी हाक मारली, "सिताराम, दाखव बरं यांना."

सितारामनं खटका दाबला. घरघर. पुन्हा दाबला. पहिल्या घरघरीतच त्याला कळलं असणार. ज्याचा हात रोज त्या इंजिनात, त्याला न कळून कसं चालेल? त्यानं मान वर करून ओट्यावर पाहिलं, मालकाचा तळवा खिशावर होता. आणि तरी तो खटका दाबत राहिला. नऊ वेळा. मग सटवाजी म्हणाला, "ढकलून बगतो, अप्पा," आणि त्यानं आणि आणखी दोघांनी जीपला खांदे लावले, लिंबापासून गल्लीच्या टोकापर्यंत, चाळीस पावलं, एकदा तिकडे आणि एकदा परत. दोघांपैकी एकाचे हात भाजलेले होते, तो कोपरांनी ढकलत होता. अप्पा ओट्यावर उभे होते. खिशात रोटर गरम होता—इंजिनातून काढून बराच वेळ झाला होता, तो गरम असायचं कारण नव्हतं. मग बैलगाडी जुंपली. बायनाबाई गंगाखेडला पोचली नाही. संध्याकाळी सिताराम आला, तळहात पुढे केला आणि म्हणाला, "मालक, रोटर द्या. गाडी सावलीत घेतो." त्या दिवसाबद्दल तो बोलला ते एवढंच. तेव्हापासून आजपर्यंत.

दुसरा असता तर गावभर बोंबलला असता, आणि मग त्याला खोटा पाडता आलं असतं. हा गप्प राहिला. आठ वर्षं माझ्या तळहातावर रोटर ठेवत राहिला. ही चोरी नाही तर काय?

सहाच्या एस्टीतून दत्तराव उतरला. शेजारचा, परभणीहून बी-बियाणं घेऊन आलेला. अप्पांना बघून त्यानं पोतं खाली टेकवलं.

"काय अप्पा, गाडी पुढं धाडून तुमी इथं? पिंगळीच्या फाटकावर दिसली की तुमची जीप. सव्वाचारला. मालगाडी जायलती, फाटक बंद. सिताराम हाॅर्नवर हात ठिवून, आडदांड. उतरला अन् फाटकवाल्याला हात जोडाय लागला. मी खिडकीतून हाक मारली तर बगितलं बी न्हाई. लय शेफारलाय तुमचा डायवर."

"गाडीत कोन होतं?"

"मागं कोनीतरी निजलेलं. अन् म्हातारा एक. उन्हामुळं नीट दिसलं न्हाई. कामून?"

अप्पा वळले. चोर भररस्त्यात हाॅर्न वाजवत नाही. चोर फाटकवाल्याला हात जोडत नाही. ते घराकडे चालू लागले, आणि आता मात्र श्वास लागला.

कपाटाचं कुलूप लागलेलं होतं. किल्ली गादीखाली, जिथं असते तिथंच. आत जुन्या पासबुकांच्या मागे पत्र्याची डबी होती आणि डबी रिकामी होती. उमादेवी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ज्वारी पाखडत बसली होती. तिनं सूप थांबवलं नाही.

"जुना रोटर?"

"सितारामला दिला."

"कुलूप..."

"गादीखालची किल्ली मला ठावी न्हाई व्हय? रोज गादी कोन झाडतं?" मग तिनं सूप ठेवलं. "कस्तुराबाईचा हात गेला आपल्या मळणीत. कोपरापतोर. सटवाजी तिकडनंच जायलता, त्यानं खांद्यावर टाकून आनली, सिताराम मागं पळत. पावनेतीन झालते. हितं, ह्या उंबऱ्यावर निजवली. मी लुगडं फाडून बांधलं."

कस्तुराबाई. नऊ वर्षं त्यांच्या शेतात. मळणीयंत्राच्या तोंडावरचा पत्रा अप्पांनीच परवा काढायला लावला होता, कणसं लवकर जातात म्हणून. सितारामनं तेव्हा म्हटलं होतं, मालक, राहू द्या... की नव्हतं म्हटलं? नुसतं खांद्याशी बघितलं होतं.

"मला कामून न्हाई इचारलं? दहा मिनिटावर होतो मी. मानूस धाडायचा व्हता."

"म्हनूनच न्हाई धाडला."

सूप पुन्हा हलू लागलं. कोंडा उडून त्यांच्या पायांवर पडत होता.

"तवा बी मी दाराआडच व्हते," ती खाली बघत म्हणाली. "त्यांनी ढकललं तवा."

आठ वर्षं. म्हणजे दोघं. सिताराम एकटा नव्हता. आठ वर्षं हिच्या हातचं जेवलो, आणि ही रोज गादी झाडताना त्या किल्लीवरून हात फिरवत होती, वाट बघत. अप्पांना संताप यायला हवा होता आणि तो आलाही, पण नेहमीसारखा भरून येईना; मधेच कुठंतरी घरघरून थांबला.

"मी तक्रार देऊन आलोय," ते म्हणाले.

"कुनाची?"

त्यांचा तळवा खिशावर गेला. तिनं वर पाहिलं, मग ज्वारीकडे.

"मग जाऊन माघारी घ्या."

माघारी घ्यायची म्हणजे काय ते तिला काय कळणार. गाडी का नेली ते सांगावं लागेल. त्यासाठी मळणी सांगावी लागेल, पत्रा सांगावा लागेल. आणि मग कुणीतरी विचारेल, दहा मिनिटांवर मालक होता तर त्याला न विचारता का नेली? मग अठ्ठ्याहत्तरची ती सकाळही सांगावी लागेल. तक्रार तशीच राहिली तर एक साधी चोरी आहे. चोर आहे, गाडी आहे, मालक आहे. सगळे आपापल्या जागी.

पावणेसातला चौकीतला शिपाई सायकलवरून आला. सायकल त्यानं लिंबाला, डागाच्या बाजूला टेकवली.

"अप्पा, गाडी घावली. परभनीला, दवाखान्यापुढं. ओरखडा न्हाई. एक बाई आत नेलीय, हात कापायला लागंल म्हनतेत. म्हातारा बाहेर फरशीवर बसलाय. डायवर आपल्या लोकांनी धरून ठिवलाय." त्यानं रुमालानं मान पुसली. हसू आवरत नव्हतं त्याला. "एक गंमतच झालीय. गाडी ठाण्यात न्यायला बसले तर चालूच होईना. डायवरनं उतरल्या उतरल्या रोटर काढून घेतलाय. इचारलं तर मनतो, मालकाची शिस्त हाय. द्या मनलं तर देईना. दोन ठिवून दिल्या, तरी मूठ उघडंना. मालकाच्याच हातावर ठेवनार, मनतो."

"कुनी दिला ते बोलला?" अप्पांनी विचारलं.

"न्हाई. तेवढं इचारलं की गप. जमादार मनले, तुमाला इचारून या. खात्री तशीच ठेवायची का? तसं आसंल तर आठ वाजता त्याला आत घेतेत. आन् ती बाई कोन, वळखीची हाय का तुमच्या?"

आतून सुपाचा आवाज थांबला.

अप्पांनी खिशातून रोटर काढला. आता त्यानं काहीही चालू होणार नव्हतं, काहीही बंद पडणार नव्हतं; नुसती एक काळी वस्तू, मुलांच्या खेळण्यातली असावी तशी. त्यांनी तो डाव्या हातात घेतला. उजवा हात रिकामा झाला आणि तसाच पुढे राहिला, तळवा वर. तो मिटावा असं त्यांना वाटत होतं. शिपाई त्या हाताकडे पाहत होता, मागायचं आहे की द्यायचं आहे ते न कळून.

सात वाजून पाच मिनिटांपर्यंत कळलेलं एवढंच: कस्तुराबाई अजून ऑपरेशनच्या टेबलावर होती, जीप दवाखान्यापुढे उभी होती, आणि सितारामची मूठ मिटलेली होती.