घरच्या वाट्याचा आवाज

बोलपट आला तेव्हा असाकुसा वस्तीतल्या सगळ्या बेन्शींच्या घरी सुतक पडलं, आणि एकट्या तोसेनं कान्नोन देवीच्या देवळात जाऊन पेटीत नाणं टाकलं. नवऱ्याची नोकरी जाणार म्हणून खूश झालेली बायको त्या अख्ख्या वस्तीत दुसरी नसेल.

तिचा नवरा इसोकिची बेन्शी होता. मुका चित्रपट चालू असताना पडद्याशेजारी उभं राहून सरदार, चोर, म्हातारी, नवी नवरी, सगळ्यांचं बोलणं एकट्यानं बोलायचं, हा त्याचा धंदा. त्याच्या नवरीचा आवाज ऐकून धट्टेकट्टे पुरुष डोळे पुसत. घरी मात्र गळा जपायचा म्हणून हा गृहस्थ तोंड उघडत नसे. कच्चं अंडं गिळायचा आणि जेवायच्या काडीनं वाटीवर टकटक करायचा. एकदा टक म्हणजे चहा, दोनदा म्हणजे भात, तीनदा म्हणजे आता तू पुरे कर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो तोसेच्या स्वयंपाकघरात नांदत होता.

बोलपट आल्यावर गळा रिकामा होईल, मग घरात दोन शब्द पडतील, असा तिचा अंदाज होता. तो साफ चुकला. चित्रपटगृहाच्या मालकानं साथीच्या वादकांना घरी पाठवलं. नव्या यंत्राचा भरवसा नाही, म्हणून ते अडलं तर लोकांना सांभाळायला इसोकिचीला तेवढं महिनाअखेरपर्यंत ठेवलं. तो दिवसभर मागच्या भिंतीशी बसून राही आणि घरी येऊन पूर्वीसारखाच टकटक करी.

एके दिवशी सकाळी तोसेचा संयम संपला.

"अहो, परक्यांसाठी सोळा आवाज, आणि बायकोसाठी वाटीची काडी. मांजराशीसुद्धा माणूस बोलतो. मी मांजरीच्या खालची का?"

टक, टक, टक.

तिनं कपड्यांचं गाठोडं बांधलं. संध्याकाळच्या गाडीनं चोशीला बहिणीकडे जायचं, आणि परत यायचं नाही. चित्रपटगृह वाटेवरच होतं. जाण्यापूर्वी नवऱ्याला हरवणारं यंत्र एकदा पाहावं, म्हणून ती दुपारच्या खेळाला जाऊन बसली. गाठोडं मांडीवर होतं.

चित्रपट संसाराचा होता, विनोदी. नवरा वर्तमानपत्राआड लपलेला आणि बायको करपलेल्या भाताचं पातेलं घेऊन त्याच्यापुढे उभी. बायकोनं तोंड उघडलं, यंत्राचा कर्णा खाकरला आणि बंद पडला. चित्र मात्र चालूच राहिलं. लोकांनी आरडाओरडा केला, कुणी पडद्यावर लिंबाची साल फेकली. "मास्तर, उठा!" मागून मालक ओरडला.

इसोकिची उठला, पडद्याशेजारच्या आपल्या जुन्या जागी गेला, आणि पडद्यावरच्या बायकोला आवाज दिला.

"अहो, परक्यांसाठी सोळा आवाज, आणि बायकोसाठी वाटीची काडी. मांजराशीसुद्धा माणूस बोलतो."

लोक पोट धरून हसले. तोसेला हसू आलं नाही. शब्द न् शब्द तिचा होता. श्वास घेण्याची जागासुद्धा तिचीच. म्हणजे हा ऐकत होता तर! इतकी वर्षं प्रत्येक बोलणं यानं नीट ऐकून ठेवलं होतं, आणि उत्तर एकाचंही दिलं नव्हतं. तिला त्याचा अधिकच राग आला.

मग पडद्यावरच्या नवऱ्यानं वर्तमानपत्र खाली घेतलं आणि तो बोलू लागला. त्याचे ओठ हलत होते. इसोकिची गप्प होता. चोराला, सरदाराला, कुत्र्यालाही कधी शब्द कमी न पडू देणारा माणूस या नवऱ्याच्या तोंडी काय घालावं ते न सुचून उभा राहिला.

"मास्तर, झोपलात का?" कुणीतरी विचारलं. "बायकोला घाबरले," दुसरा म्हणाला.

तोसेनं हातातला पंखा उलटा धरला आणि त्याच्या दांड्यानं खुर्चीच्या लाकडावर वाजवलं. टक.

इसोकिचीनं अंधारात पाहिलं. असा टक या जगात दोघांनाच कळत होता.

"चहा..." तो म्हणाला आणि थांबला. "नको. तू उठू नकोस. आज मी करतो."

लोक पुन्हा हसले. इतक्यात कर्णा खाकरून चालू झाला. पडद्यावरचा नवरा पगाराबद्दल काहीतरी कुरकुरत होता.

"मास्तर, खाली बसा, ऐकू द्या!" लोक ओरडले. इसोकिचीनं सवयीप्रमाणे कमरेत वाकून नमस्कार केला आणि तो बाजूच्या दारानं बाहेर पडला. हे त्याचं शेवटचं निवेदन होतं. यंत्र आता नीट चालतंय असं म्हणून मालकानं त्याला त्याच दुपारी निरोप दिला.

तोसे स्टेशनाच्या वळणापर्यंत गेली आणि घरी परतली. गाठोडं मात्र तिनं सोडलं नाही, दाराशीच ठेवलं. इसोकिची जेवायच्या पाटापाशी बसला होता. सवयीनं त्यानं काडी उचलली, वाटीपर्यंत नेली आणि खाली ठेवली.

"तोसे, चहा घेणार?"

आवाज बारीक होता, थोडा चिरका, पोरासारखा अडखळणारा. तोसेनं त्याचा सरदार ऐकला होता, म्हातारी ऐकली होती. हा कधीच ऐकला नव्हता.

"हा कुणाचा आवाज?" तिनं विचारलं.

"माझाच असावा," तो म्हणाला.

तोसेनं दाराशी जाऊन गाठोडं आत घेतलं.