काळी दोनचा सूर

कानशीखाली ‘टक्’ असा बारीक आवाज झाला आणि दाक्षायणीचा हात जागच्या जागी थांबला. पेटीतल्या काळी दोनच्या, म्हणजे दुसऱ्या काळ्या पट्टीच्या, सुराची पितळी जीभ मुळापासून तुटून तिच्या मांडीवर पडली होती.

“मोडला?” शेजारी दुसरी पेटी उघडून बसलेल्या मायाक्कानं विचारलं.

दाक्षायणीनं तुकडा चिमटीत उचलून दाखवला.

मंगळवार पेठेतल्या शिवलिंगप्पा मास्तरांच्या गायनवर्गाला लागूनच हे पेटीदुरुस्तीचं दुकान होतं. चौऱ्याहत्तर साली मास्तरांनी ते विद्यार्थ्यांच्या ताब्यात दिलं. गिऱ्हाईक घेणं, काम करणं, शब्द देणं, सगळं मुलामुलींनीच करायचं. मास्तर मध्ये पडत नसत. नियम एकच होता, ज्यानं पेटी उघडली त्यानंच ती मालकाच्या हाती द्यायची.

ही पेटी मैंदर्गीच्या बसप्पांची होती. तीन वाजता ते न्यायला येणार होते.

“नवा सूर बसव की,” मायाक्का हळूच म्हणाली. “डब्यात हायेत. म्हाताऱ्याला काय कळतंय? तू फकस्त बोलू नगंस.”

न बोलणं दाक्षायणीला शिकवावं लागत नव्हतं. घरी कपबशी फुटली की वडील गिरणीतून यायच्या आत आई तुकडे परसात पुरायची. तेवढ्यात ते आले, तर दोघी मायलेकी भिंतीला चिकटून उभ्या राहायच्या. एकोणीस वर्षं तिनं हेच पाहिलं होतं.

तिनं नवा सूर बसवला, घासून जुळवला. पलीकडच्या खोलीत मास्तर तबल्यावर ठेका धरून गाणं शिकवत होते. दोनदा ती त्यांच्या दारापर्यंत गेली आणि परत फिरली. गिरणीचा तीनचा भोंगा झाला.

बसप्पा आले. उंच, वाकलेले, कपाळावर विभूती. त्यांनी भाता उघडला आणि पट्ट्यांवरून बोटं फिरवली. काळी दोनवरूनही फिरली.

“लई ग्वाड झाली की, यव्वा, पोरी!” म्हातारा हसला. “गुरुबसप्पा असता तर नाचला असता. माजा धाकटा भाऊ. ही त्याचीच पेटी. श्रावणात गेला त्यो.”

मायाक्कानं डोळ्यानं खूण केली. सुटलीस.

बसप्पा पेटीला कापड गुंडाळू लागले.

“अप्पा,” ती म्हणाली. आवाज आपला नाहीच असं तिला वाटलं. “काळी दोनचा सूर माझ्या हातनं मोडला. आत नवा आहे.”

बसप्पांचे हात थांबले. आता ते हात उगारतील म्हणून तिनं डोळे मिटून मान खाली घातली. कापड सोडल्याचा आवाज आला. मग ती एकच पट्टी वाजली, लांब. बसप्पांनी कान पेटीला लावला होता.

“ह्यो त्यो न्हाय,” ते म्हणाले. “ह्याच सुरावर त्यो मला गायला उठवायचा.”

पलीकडं मास्तरांचा तबला थांबला होता.

“तू बोलली नसतीस तर मला कळलं नसतं.”

“व्हय, अप्पा.”

“मंग?”

तिनं तुटलेली जीभ त्यांच्यापुढं ठेवली. बसप्पांनी पेटी तिच्यापुढं सरकवली आणि समोर मांडी घातली.

“वाजीव. ह्योच नवा सूर. भाऊ गेल्यापासनं म्या गायलो न्हाय. सोडू नगंस.”

तिनं भाता ओढला. बसप्पांनी डोळे मिटून आवाज लावला. तो फाटला. त्यांनी घसा खाकरून पुन्हा लावला. सुराच्या जवळ जाऊन तो घसरला.

“अप्पा, तुमची गाडी...” मायाक्का म्हणाली.

“जाऊ दे. दुसरी हाय.”

दाक्षायणीचं बोट पट्टीवर घामानं ओलं झालं होतं. तिनं ते दाबून धरलं. म्हाताऱ्यानं तिसऱ्यांदा श्वास घेतला.