घोरणं थांबलं तेव्हा

दातांच्या डॉक्टरबाईंच्या लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं कवळ्या बनवते आहे. अनोळखी माणसांच्या तोंडाचे ठसे माझ्या टेबलावर येतात, मी त्यांच्यात प्लास्टर ओतते. त्यामुळे जबड्याबद्दल मला कुणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. हाच शहाणपणा मला नडला.

नवरा कारखान्यात क्रेन चालवतो. कायमची रात्रपाळी, त्यामुळे झोप दिवसा. घोरणं असं की शेजारीण दार वाजवून विचारायची, "वहिनी, मिक्सर बिघडलाय का?" सासूबाई तर कानात कापूस घालूनच बसायच्या. आम्ही हसण्यावारी न्यायचो. पण घोरता घोरता यांचा श्वास अडकायचा आणि मग दचकून हवा ओढायचे, तेव्हा मी हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहायचे.

डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं, "आधी झोपेची तपासणी. तोंडात घालायची प्लेट नंतर."

नवऱ्याने घरी येऊन हातच जोडले. "कागदावर आलं की मला क्रेनवरून उतरवतील. दुसरं काय येतं मला? तूच बनव ना प्लेट."

लॅबची एक किल्ली माझ्याकडे असायची. सुट्टीच्या दिवशी यांना नेऊन ठसे घेतले आणि खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी प्लेट केली. तिच्या बाजूला बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की जबडा आणखी जरासा पुढे येतो. जोडीला व्यायामही लावले: जीभ टाळूला चिकटवायची, तोंड मिटून नाकाने संथ श्वास घ्यायचा. आरशासमोर जीभ बाहेर काढून बसलेल्या लेकाला बघून सासूबाई म्हणाल्या, "लहानपणी याच्यासाठीच मार खाल्लास."

मी थोडा थोडा स्क्रू फिरवत गेले. नवव्या दिवशी घोरणं थांबलं, तिथे मीही थांबले. शेजारणीने तोंडभरून कौतुक केलं आणि मी चांगलाच भाव खाल्ला.

परवा वीज गेली म्हणून लॅब दुपारीच बंद झाली. घरी आले तर हे झोपलेले, तोंड मिटलेलं, खोलीत एकदम शांतता. मी कौतुकाने बघत उभी राहिले. मग दिसलं की पोट आत-बाहेर ओढलं जातंय, आणि तरी काहीतरी चुकतंय. नाकाखाली बोट धरलं. हवाच नव्हती. मनात आकडे सुरू झाले. अडतीसला यांनी अंग झटकलं, हवा ओढली आणि झोपेतच कूस बदलली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मी आजार बरा केला नव्हता, त्याचा आवाज तेवढा बंद केला होता.

संध्याकाळी हे जांभया देत कामाला निघाले. बूट घालायला बसले तेव्हा मी यांच्या देखत सुपरवायझरना फोन लावला आणि सगळं सांगितलं. तपासणी होईपर्यंत यांना वर चढवू नका, म्हटलं.

हे लेस हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. "माझ्या पोटावर पाय आणलास."

"आणला!" माझा आवाज चढला. "क्रेनखाली माणसं उभी असतात. आणि तुमचा श्वास थांबतो झोपेत. आज दुपारी मी स्वतः मोजलंय. अडतीसपर्यंत."

यांनी हातातली लेस सोडून दिली. मग हळूच म्हणाले, "अडतीसपर्यंत मोजलंस. उठवलं का नाहीस मला?"

मला ते सुचलंच नव्हतं.