महिपतींच्या फटफटीचं इंजिन

मळवलीच्या महिपतींनी त्र्याहत्तराव्या वर्षी राजदूतचं इंजिन खोललं, तेही स्वयंपाकघरात. गाडी अठ्ठ्याहत्तर सालची. पंधरा वर्षं गोठ्यात उभी राहिल्यानं पिस्टन आत चिकटून बसला होता. त्यात डिझेल ओतून महिनाभर वाट पाहिली, मग तो सुटला. तोवर रतनबाईंच्या सगळ्या पराती इंजिनाच्या ताब्यात गेल्या होत्या.

त्यांची तक्रार नव्हती. माणूस घरात होता, कामात होता, आणि कमी बोलत होता.

अडलं ते क्रँकपाशी, पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या जाड दांड्यापाशी. इंजिनाची केस, म्हणजे बाहेरचं कवच, तापवून फुगवायची, क्रँक गार करून आकसवायचा आणि केस गरम आहे तोवर तो आत बसवायचा. एकट्याचं काम नव्हे. महिपतींनी दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा क्रँक तिरका गेला आणि बोटं भाजली. तिसऱ्या दिवशी रतनबाईंनी कामशेतला भावाला फोन लावला.

भिकाजीचं तिथं गॅरेज होतं. तो आणि महिपती नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भिकाजीच्या लेकीच्या लग्नात, भर मांडवात, तो म्हणाला होता, "दाजी, ती फटफटी आता भंगारात घाला." महिपती पंगतीतून उठले होते, तेही जिलेबी वाढायच्या आधी.

भिकाजी स्कूटरवरून आला, हातपाय धुऊन ओट्यापाशी उभा राहिला.

"आक्का, त्यास्नी इचार, क्रँक कवापास्नं फ्रिजात हाय?"

महिपती दोन हातांच्या अंतरावर उभे होते. "त्याला सांग, काल सकाळपास्नं. मटाराशेजारी."

"मटाराशेजारी," रतनबाई म्हणाल्या.

"केस किती तापवलीया, इचार."

हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. रतनबाईंनी भाकरीच्या तव्यावर मारतात तसा पाण्याचा हबका केसवर मारला. थेंब टणाटणा उडाले. "झाली," त्या म्हणाल्या आणि गॅस बंद केला.

भिकाजीनं फडक्यानं केस उचलून लाकडी पाटावर ठेवली. महिपतींनी फ्रिजातून क्रँक काढला. तो आत उतरू लागला आणि अर्ध्यात पुन्हा कलला.

"आक्का, त्यास्नी सांग, डावीकडं दाबा!"

रतनबाई बोलल्या नाहीत. पदराला हात पुसत राहिल्या.

"आक्का!"

त्या पदराकडंच बघत होत्या. केस निवत होती.

"दाजी, डावीकडं! डावीकडं दाबा!"

"दाबतोय की! तू केस धर नीट!"

"धरलीय! सोडा आता!"

टक्क असा आवाज झाला आणि क्रँक जागेवर बसला. दोघांनी एकदमच रतनबाईंकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बगताय?" त्या म्हणाल्या. "गॅस मोकळा झालाय. चहा टाकते."

चहा घेऊन भिकाजी गेला. पण दुसऱ्या दिवशी तो न बोलावता आला, तिसऱ्या दिवशीही आला. "पाना द्या", "हं", "तो न्हाई, बारका" एवढं बोलणं आता थेट होत होतं. आठव्या दिवशी अंगणात महिपतींनी किक मारली. सतराव्या किकला इंजिन सुरू झालं. निळा धूर शेजारच्या बंगल्यात गेला आणि तिथल्या माळीणबाई खोकत बाहेर आल्या.

दोघं गाडी घेऊन कार्ल्याच्या रस्त्याला गेले. फटफट दूर जाऊन विरली. रतनबाईंनी पराती घासल्या. तिसऱ्यांदा घासल्या तेव्हा कुठं त्यांतला वास गेला.

दीड तासानं आरडाओरडा ऐकू आला. गाडी बंद होती. महिपती हँडल धरून होते, भिकाजी मागून ढकलत होता आणि दोघांचीही तोंडं थांबत नव्हती.

"पेट्रोल बगायचं काम तुझं!"

"टाकी तुमची, गाडी तुमची, मी का बगू?"

"मेकॅनिक कोण हाय?"

"आन् लग्नातनं उपाशी उटून गेलेलं कोण हाय? माझी बायको चार दिस रडत व्हती!"

महिपती थांबले. गाडी उभी केली. "मला वाटलं, तू मागनं बोलवायला येशील," ते म्हणाले.

"मला वाटलं, तुमी परत याल. जिलेबी काढून ठिवलीती."

मग रतनबाईंनी माळ्यावरचा रिकामा कॅन काढून भावाच्या हातात दिला. भिकाजीनं स्कूटर चालू केली. महिपती मागं बसले, कॅन मांडीवर घेतला आणि पंपाच्या दिशेनं हात केला.

"रस्ता म्हाईत हाय मला," भिकाजी म्हणाला.

"मग चल की," महिपती म्हणाले.