डावीकडचं पायडल

मंगळवारी दुपारी चार वाजता फोन आला. समुद्रापलीकडच्या नव्या कारखान्यात जुन्या मशीनांचं कोणाशीच जमत नव्हतं म्हणे.

फोन मेकॅनिकसाठी होता, पण उचलला त्याच्या बायकोने, कारण तो न्हाणीघरात नळ खोलून बसला होता. शर्टांचा कारखाना बंद पडल्यापासून घरातली एकही वस्तू त्याच्या पान्यातून सुटली नव्हती. दारांच्या बिजागऱ्या झाल्या, पंख्याची खडखड झाली, आणि आता तो धडधाकट असलेल्या गोष्टी दुरुस्त करू लागला होता.

"अहो, या बाहेर," ती ओरडली. "तुमच्या माहेरचा फोन आहे."

कारखान्यात तिला सगळ्या ताई म्हणायच्या, तिच्याहून मोठ्या बायकासुद्धा. तिसऱ्या रांगेत ती कफ शिवायची. नवरा तिथलाच मेकॅनिक. दोघांचा पगार एकाच दारातून यायचा आणि दोन महिन्यांपूर्वी एकाच दारात थांबला. थांबला त्या दिवशी मोठ्या साहेबांनी भिंतीवर चित्रं दाखवली होती. जग आता एकच बाजार आहे, काम जिथे स्वस्त तिथे जातं, आणि काही काळाने सगळ्यांचीच भरभराट होते, असं त्यांनी समजावलं. वर चढत जाणारी एक हिरवी रेघ होती. त्या रेघेवर आपण नेमक्या कुठे, असं ताईने विचारलं होतं. साहेब म्हणाले, प्रश्न छान आहे. मग चहा आला.

मशीनं मात्र कंपनीने टाकली नाहीत. ती खोक्यांत बांधून नव्या देशात पाठवली. सगळी चालू स्थितीत हवीत, असा मेकॅनिकला हुकूम होता. त्याने दर शनिवारी करायचा तेच केलं. पुसलं, तेल घातलं, आणि सोमवारी जी बाई बसणार तिच्या मापाने प्रत्येक मशीन लावून ठेवलं. सोमवारी कोणीच बसणार नव्हतं. ते त्याच्या डोक्याला ठाऊक होतं, हातांना कोणी कळवलं नव्हतं.

ठेंगण्या मावशीचं टेबल चार बोटं खाली. डावखुरीचा दिवा उजवीकडून. ताईचा उजवा गुडघा कारखान्याच्याच जिन्यावर कामातून गेला होता, म्हणून तिचं पायडल सरकवून डावीकडे, वर पाय घसरू नये म्हणून रबराची पट्टी. अशी सगळीच्या सगळी, जिची तिच्या मापाने, घट्ट नट आवळून परदेशी गेली.

आता फोनच्या पडद्यावर तो नवा कारखाना दिसत होता. तोच फिकट हिरवा रंग, जमिनीवर तेच पिवळे पट्टे. पुढे एक दुभाषी मुलगी उभी होती. आपली भाषा ती पुस्तकातून शिकली असावी.

"नमस्कार, महोदय. आपली यंत्रे सदोष आहेत."

"सदोष?" मेकॅनिकचे हात ओले होते, तो ते शर्टालाच पुसू लागला. "एकही नाही. मी स्वतः बघितलीयत."

"कोणतेही यंत्र दुसऱ्यासारखे नाही. पर्यवेक्षक अत्यंत त्रस्त आहेत."

पर्यवेक्षक मागे दिसतच होते. एक जाडे गृहस्थ कागद हलवत रांगांमधून फिरत होते. झालं होतं असं: तिथल्या बायकांनी पहिल्याच दिवशी चपला घालून बघाव्यात तसं एकेका मशीनवर बसून बघितलं होतं. बुटकीला मावशीचं टेबल सापडलं, ती तिथून उठेना. एका डावखुरीने दुसरीला हाताला धरून उठवलं आणि स्वतः बसली. दोन दिवसांत ज्या त्या आपापल्या जागी. पण कागदावर प्रत्येकीची जागा वेगळीच लिहिलेली, आणि पर्यवेक्षकांचा विश्वास कागदावर.

"मग अडलंय कुठे?" ताई मागून म्हणाली. "बसल्या ना बायका? शिवू द्या की."

मुलीने विचारून सांगितलं, "पर्यवेक्षक म्हणतात, बायका बदलत राहतील. प्रत्येक यंत्र प्रत्येकीला चालले पाहिजे."

"म्हणजे कोणालाच धड नाही," ताई पुटपुटली.

"महोदयांनी यावे. तीन महिने. यंत्रे सरळ करावीत, इथल्या लोकांना शिकवावे. शुक्रवारचे तिकीट पाठवत आहोत. वेतन उत्तम आहे."

मेकॅनिकने बायकोकडे बघितलं नाही. "कळवतो," एवढंच म्हणाला.

घोळ तिकिटाचा नव्हता. कारखान्याला कुलूप लागलं त्या दिवशी फाटकापाशी ताईनेच सगळ्यांना गोळा केलं होतं. आपली मशीनं गेली, निदान आपले हात तरी जायचे नाहीत. तिथे शिकवायला कोणी जायचं नाही. प्रत्येकीकडून तिने ते वदवून घेतलं होतं. दोघींना बोलावणी आलीसुद्धा, आणि दोघींनी नाही म्हटलं. त्यांतली एक ठेंगणी मावशी. आता ती लोकांच्या घरचे जिने पुसत होती.

संध्याकाळी ताईचा धाकटा भाऊ आला. बातमी त्याच्याआधी गल्लीभर फिरून आली होती. कारखान्याच्या फाटकासमोर त्याचं मोबाइलचं दुकान. पूर्वी सुटीच्या भोंग्याला तिथे पाय ठेवायला जागा नसायची. आता तो दिवसभर काच पुसायचा आणि व्यापारावरची भाषणं ऐकायचा.

"भाऊजी, अभिनंदन! ताई, तोंड कशाला पाडलंयस? याला संधी म्हणतात. जग जवळ आलंय."

"जग जवळ आलंय आणि तुझं गिऱ्हाईक लांब गेलंय. आज काय विकलंस?"

"एक कव्हर."

"कोणाला?"

"तुझ्याच पोरीला," तो ओशाळून म्हणाला. "पण मुद्दा तो नाही. हा मधला काळ आहे. पुढे सगळीकडे पैसा खेळतो. तिथल्या बायका कमावतील, वस्तू घेतील, मग—"

"मग तुझ्या दुकानात येतील? समुद्र ओलांडून?"

"तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही."

"दोन महिने सगळे मला तेच सांगतायत. सुरुवात साहेबाने केली. त्याच्या रेघेवर मधला काळ कुठे होता रे? मला तर दिसला नाही. नाही तर तिथेच चटई टाकून बसले असते."

मेकॅनिक जेवत होता. मान वर न करता म्हणाला, "पोरीची फी आहे."

"मला ठाऊक नाही का?"

"मी नुसतं म्हटलं."

"नुसतं म्हणू नका. जायचं असेल तर जातो म्हणा, नाही तर नाही म्हणा. तुमचं नेहमीचं, पाना हातात घ्यायचा आणि नट दुसऱ्याने फिरवायचा."

धाकटा हळूच चपला शोधू लागला.

बुधवारी सकाळी मावशी दारात. हातात बादली, कामावर जाता जाताच आली होती. आत ये म्हटलं तर आली नाही.

"जातोय म्हणे तो."

"ठरलं नाही, मावशी."

"ठरव की. मी काय म्हणणार? माझा जिना काही तो पुसायला येत नाही." बादली खाली ठेवत तिने विचारलं, "माझ्या मशीनवर कोण बसतंय?"

"एक आहे. तुझ्याएवढीच."

"बरी शिवते?"

"मी काय तिची परीक्षा घेतली?" ताईचा आवाज चढला. एवढं झालं तरी हिला मशीनची काळजी. शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं.

मावशीने बादली उचलली. "तो गेला तर गेला. पण फाटकापाशी मला उभं केलं होतंस ते तू. मग मला हाक मारू नकोस."

दुपारी पुन्हा फोन आला. मेकॅनिक घरात असूनही ताईनेच घेतला. दुभाषी मुलीला तिकिटाचं उत्तर हवं होतं. तिच्या मागे, खिडकीजवळच्या कोपऱ्यात, एक मशीन भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं ताईला दिसलं. रबराची पट्टी तिने लगेच ओळखली.

"ते कोपऱ्यात का?"

"ते कोणालाही चालत नाही, बाईसाहेब. पायडल अनुचित ठिकाणी आहे. महोदय आल्यावर प्रथम तेच सरळ करतील."

"गुडघा अनुचित होता," ताई म्हणाली.

मुलीला ते कळलं नाही. तिने मागे बघितलं, पर्यवेक्षक लांब होते. मग ती आवाज खाली आणून बोलली, आणि पहिल्यांदाच पुस्तक बाजूला पडलं. "बाई, एक विचारू? तुमच्याकडून हे सगळं इकडे का आलं? इथल्या बायका मला विचारतात."

"आम्ही पगार वाढवून मागितला."

"तेवढंच?"

"तेवढंच. मिळालाही. वर्षभर."

"हे मी त्यांना सांगू?"

"तुझी नोकरी, तू बघ."

पडदा तसाच चालू राहिला. मुलगी वळली आणि पहिल्या रांगेतल्या बाईला काहीतरी बोलली. वाक्य अगदी लहान होतं. पगाराचं होतं की जेवणाच्या सुटीचं, ताईला कळायला मार्ग नव्हता. ती बाई शिवायची थांबली. तिने शेजारणीकडे बघितलं. तेवढ्यात फोन बंद झाला. कोणी केला की झाला, तेही समजलं नाही.

आज गुरुवार. तिकीट आलं आहे, उद्या सकाळचं. कंपनीला हो गेलेलं नाही, नाहीही गेलेलं नाही. मोठी बॅग माळ्यावरून खाली आली आहे. ती कोणी काढली, हे नवराबायको दोघंही सांगत नाहीत. पान्यांची पेटी मात्र न्हाणीघरातच आहे, कारण नळ अजून खोललेलाच पडला आहे. फोनवर त्या मुलीने पाठवलेला एक फोटो आला आहे, खाली अक्षर नाही. ताईचं तिसऱ्या रांगेतलं मशीन कोपऱ्यातून बाहेर काढलेलं दिसतं. त्यावर कोणी बसलेलं नाही. पायडल डावीकडेच आहे.